गडग्यापलीकडची लावणी

आमच्या घरात सगळ्यांत आधी भट्टी जागी व्हायची, मग पप्पा, मग माय, आणि सगळ्यांत शेवटी, चांगला ओरडा खाऊन, मी. घर म्हणजे भट्टीला चिकटलेल्या दोन खोल्या. झोपायच्या खोलीची एक भिंत भट्टीचीच होती, त्यामुळे पावसाळ्यात गावभर सगळ्यांच्या कपड्यांना कुबट वास यायचा तेव्हा आमचे कपडे कडकडीत वाळलेले असत आणि त्यांना पावाचा वास येई. शाळेत पोरी मला ‘पावाची रोझी’ म्हणून चिडवायच्या. मला त्याचं काही वाटत नसे, कारण चिडवणाऱ्याच मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातलं कांकण मागायला यायच्या. कांकण म्हणजे बांगडीसारखा गोल, खरपूस भाजलेला पाव. पप्पा पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे ताजी माडी, घालायचे. त्या पिठाचा आंबूस वास, लाकडांची तडतड, फळीवर पीठ आपटल्याचा धप्प आवाज आणि मग पप्पांच्या सायकलचा रबरी भोंगा वाडीवाडीतून लांब लांब जाणारा. आता मी कसालच्या बाजारातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला पाव आणते. दिसायला कापसासारखा असतो, आणि चवीलाही.

आमच्याकडे जमीन नव्हती, गुरं नव्हती, कुणी बोटीवर किंवा मुंबईत कमवायलाही गेलेलं नव्हतं. होती ती भट्टी. तिच्यावर सगळं चालायचं. गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, खाडीच्या अंगाला एक छोटंसं चॅपेल, आणि महिन्यातून एकदा मालवणातून येणारे पाद्री. बाकी गाव देवळाचा, मानाचा आणि भाताचा.

शेजार म्हणाल तर एकच. जांभ्या दगडाचा छातीएवढा गडगा आणि त्याच्या पलीकडे आबांचं घर. आबा देवळाचे मानकरी, कणा ताठ आणि बोलणं त्याहून ताठ. त्यांच्या परसाच्या कडेने एक पाणंद थेट आमच्या चॅपेलपर्यंत जायची. पप्पांचे आजोबासुद्धा त्याच वाटेने मिस्साला, म्हणजे चॅपेलातल्या उपासनेला, गेलेले. एके वर्षी आबांनी त्या पाणंदीच्या तोंडाशी काट्यांची वई घातली आणि वाट बंद करून टाकली. कारण काय, तर जाता-येता आमची माणसं त्यांच्या माडांकडे वर बघतात. पप्पा समजावायला गेले, तर आबांनी झोपाळ्यावर बसूनच सगळं ऐकलं आणि पप्पांना साधं बस म्हणून म्हटलं नाही. तेव्हापासून दर रविवारी आम्ही खाडीच्या खारबांधावरून वळसा घालून जायचो, नवे सँडल हातात आणि पाय चिखलात. मी तेरा वर्षांची होते. त्या वयात चांगल्या सँडलची नासाडी माणूस विसरत नाही. मी मिस्साला गुडघे टेकले की आबांच्या माडावरून एक तरी नारळ नेमका खाली पडावा, अशी प्रार्थना मनापासून करत असे. त्यांच्या बायकोला, काकीला, मी त्यातून वगळलं होतं. काकी गडग्यावरून कधी अळवाची पानं सरकवायची, कधी फणसाचे गरे. बोलायची नाही. सरकवायची आणि मागे वळायची.

मग आबांचं देवळात बिनसलं. पालखीला आधी खांदा कुणाचा, यावरून. गावकीने एक ठरवलं, आबांना ते मान्य झालं नाही, आणि त्यांनी देवळाची गोष्ट कोर्टात नेली. आमच्याकडे भावाभावांत डोकी फुटली तरी चालतात, पण देवाला कोर्टाची पायरी चढवणं चालत नाही. देवळात बैठक बसली, नारळ ठेवला गेला आणि आबांचं घर वाळीत पडलं. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, त्यांच्या घरचा विस्तव-पाणी घ्यायचं नाही, आणि त्यांच्या कामाला कुणी जायचं नाही. हे सगळं जाहीर करणारे तात्या, गावचे गावकर, म्हणजे प्रमुख. ते काही दुष्ट नव्हते बरं का. आमच्याकडून पाव घेताना शिळाच मागायचे, ताजा पोरांना ठेवा म्हणायचे. पण गावाचा शब्द म्हणजे शब्द.

मला आनंद झाला. तो लपवायचं मला काही कारण नव्हतं. माय म्हणाली, “हसा नको गो.”

पाऊस लागून बरेच दिवस झाले होते. सगळीकडे लावणी सुरू झाली. आमच्याकडे लावणीला मजूर फारसे नसायचे. आज सगळ्या बायका तुझ्या शेतात, उद्या सगळ्या माझ्या, असा हाताला हात चालायचा. कोण कुणाकडे किती दिवस राबली हे प्रत्येकीला पाठ असे आणि फेड तशीच हाताने व्हायची. आबांच्या घरात फेड करायला आणि करून घ्यायला कुणीच उरलं नव्हतं. लेक बांद्याला दिलेली, बाळंतीण होऊन पडलेली. आबा बैल जुंपून एकेका कोपऱ्यात, म्हणजे बांधांनी पाडलेल्या शेताच्या तुकड्यात, चिखल स्वतः करत होते. पण तरवा, म्हणजे वाफ्यात दाट उगवलेली भाताची रोपं, वेळेत उपटून चिखलात लावावा लागतो; दिवस उलटले की तो जून होतो, आणि जून तरव्याला दाणा धरत नाही. भट्टीच्या खिडकीतून मला दिसायचं: आबा आणि काकी, दोघंच, एवढ्या मोठ्या मळ्यात. काकीचे गुडघे दुखायचे. ती चार रोपं लावायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची. वाफ्यातल्या तरव्याची टोकं पिवळी पडायला लागली होती. त्या मळ्याचं भात म्हणजे त्या दोघांचं वर्षाचं खाणं होतं, आणि ते आता जाणार हे सगळा गाव मेरेवरून, शेताच्या बांधावरून, बघत होता.

रविवारी दुपारी चॅपेलच्या ओट्यावर दोत्रीन असे, धर्मशिक्षणाचा वर्ग. तो माय घ्यायची. त्या दिवशी तिने बायबलातली, वाटेत लुटलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. मायच्या तोंडी ती वाट बांद्याच्या बाजारावरून येणारी होती आणि गाढवाच्या जागी बैलगाडी होती. चोरांनी मारून अर्धमेला टाकलेला माणूस वाटेत पडलाय. देवळातला मोठा माणूस आला, बघून पलीकडच्या कडेने गेला. दुसरा आला, तोही गेला. मग ज्यांच्या घरचं पाणीही पडलेल्या माणसाच्या जातीला चालत नसे अशांतला एक गाडीवाला आला, खाली उतरला, जखमा धुतल्या आणि त्याला गाडीत घातलं. मग येशूने विचारलं, यातला शेजारी कोण? पोरांनी एका सुरात ‘गाडयेवालो’ म्हटलं. मी हात वर केला.

“माय, पण तो वाटेत पडलेलो माणूसच वायट असलो तर?”

“म्हंजे कसो?”

“आबांसारखो.”

पोरं खिदळली. माय हसली नाही. मला रागावलीही नाही. “उद्या सांगतंय,” एवढंच म्हणाली आणि वर्ग सोडला.

दुसऱ्या दिवशी पप्पांची सायकल गेल्यावर तिने लुगडं वर खोचलं, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतला आणि मला म्हणाली, “चल.”

“खंय? माझी शाळा आसा.”

“आबांच्या मळ्यात. लावणीक शाळा बुडली तर कोण मरणत नाय.” मग भट्टीचं दार लोटता लोटता म्हणाली, “मी इचार केलंय. तो पडलेलो माणूस बरो की वायट, ता येशून सांगूकच नाय. एक अक्षर नाय. आणि गाडयेवाल्यानय इचारूक नाय. माका आतापर्यंत ह्या कधी दिसाक नाय गो. तुझ्यामुळे दिसला.”

“पण त्यांनी आमची वाट बंद केल्यानी.”

“केल्यानी. चिखलातसून मीच चलतंय, माका कोण सांगतलो?” आणि ती गडग्यावर चढली.

आजवर मी बरीच प्रवचनं ऐकली, काही फार सुंदर होती. पण एक बाई सकाळी गडग्यावर चढते आणि पलीकडे उडी मारते, याच्या तोडीचं काही मला आठवत नाही. मी मागोमाग गेले. राग होताच. रागाने गेले म्हटलं तरी चालेल.

माय वाफ्यात बसली आणि तरवा उपटायला लागली. तिचं माहेर धामापूरच्या बाजूचं, शेतीवाल्यांचं. पाववाल्याशी लग्न झालं तरी हात विसरले नव्हते. उपटायचं, मुळं पाण्यात खळखळवायची, मूठ झाली की बांधायची. आबा नांगर सोडून आले.

“फिलोमिना, काय करतस ह्या?”

“तरवो काढतंय.”

“माका कोणाची गरज नाय.”

“तुमका नसात आबानू,” माय वर न बघता म्हणाली, “तरव्याक आसा.”

आबा तिथे तसेच उभे राहिले. मग बैलांकडे गेले. काकी मात्र चिखलातून आमच्याकडे आली, मायच्या शेजारी वाकली आणि दोघी एका ओळीत मागे मागे सरकत लावायला लागल्या. मी आपली एका कोपऱ्यात सगळा राग रोपांवर काढत होते. थोड्या वेळाने काकी माझ्या मागे आली, मी खुपसलेली रोपं एकेक करून वर काढली आणि पुन्हा अलगद लावली. “रोझी, ह्यो तरवो आसा गो, खांब न्हय,” ती म्हणाली. तिने माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. दुपारी तिने मेरेवरच पेज आणली, भाजलेला सुका बांगडा आणि कैरीचं लोणचं. आबा आमच्याकडे पाठ करून जेवले. पण जेवले तिथेच.

संध्याकाळी तात्या आमच्या भट्टीच्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत, छत्री उघडीच ठेवून बोलले.

“इनास, तुमका आमी कधी परक्यांत धरूक नाय. पण ह्या देवळाचां काम. तुमी ह्यात पडा नको.”

पप्पांनी मायकडे पाहिलं. माय पीठ मळत होती, तशीच मळत म्हणाली, “तात्यानू, आमी देवळाच्या भानगडीत पडणव नाय. कोणाचो खांदो आधी, माका काय कळणत नाय. मी लावणी करतंय.”

“गावाचां ठरलां आसा.”

“गावाचां ठरलां. तरवो जून व्हतलो, ताय ठरलां. आधी तरवो.”

तात्यांनी पप्पांना सांगितलं, उद्यापासून गावात पाव उतरणार नाही. आवाज चढवला नाही. जाताना पप्पांच्या खांद्यावर हातही ठेवला. ते गेल्यावर पप्पा पिठाच्या पाटासमोर बसून राहिले. “तुझो शेजारी माझी भट्टी इजवतलो,” ते मायला म्हणाले. माय म्हणाली, “तुमी नको म्हणा, मी जावचंय नाय.” तिने खरोखरच त्यांच्यावर सोडलं होतं, आणि पप्पांना ते कळत होतं. मी मनात म्हटलं, म्हणा पप्पा, एकदाच नको म्हणा. पप्पा उठले, लाकडं भट्टीत सारली आणि म्हणाले, “किती कोपरे ऱ्हवले?”

दुसऱ्या दिवशी भोंगा वाडीवाडीतून गेला आणि सायकलवरचा पावाचा करंडा जसाच्या तसा भरलेला परत आला. त्या आठवड्यात आम्ही पाव किती तऱ्हांनी खाल्ला म्हणून सांगू! माशाच्या कढीत पाव, नारळाच्या रसात गूळ घालून पाव, कांद्यावर परतलेला पाव, आणि उरलेला भट्टीत वाळवून टोस. पप्पा रोज कमी पीठ मळायचे, पण फेरी चुकवायचे नाहीत. “घेवा नको,” ते म्हणत, “माका भोंगो वाजवक तर कोणी मना करूक नाय?” रिकाम्या रस्त्यावर पाऊस पडतोय आणि पप्पा भोंगा वाजवत चाललेत, हे मी मळ्यातून ऐकायचे आणि रडू दाबायचे. आबा तो भोंगा ऐकून नांगर थांबवायचे.

पहिल्याच दिवशी करंडा परत आला तेव्हा मायने त्यातले दोन नरम पाव केळीच्या पानात बांधले आणि माझ्या हातात दिले. “तात्यांच्या घराक जा. आयेक दी.” तात्यांची आई अंथरुणाला खिळलेली, दात नाहीत, चहात भिजवलेल्या पावाशिवाय तिच्या गळ्याखाली काही उतरत नसे. जुन्या सोवळ्यातल्या माणसांना पाव चालायचा नाही, पण आजारपणात सोवळं आपोआप सैल होतं. मी पाय आपटला. ज्यांनी आमचा पाव बंद केला त्यांच्याच घरी फुकट पाव?

“तात्यांचो पाव बंद,” माय म्हणाली. “आयेन बैठकीत हात वर करूक नाय.”

मी मागच्या दारी गेले. तात्यांची बायको, सुमनवहिनी, दारात आली. पानाकडे पाहिलं, माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं, आणि पान घेऊन आत गेली. रोज असंच. मी द्यायची, ती घ्यायची. एकदा तिने दार लावता लावता हळूच विचारलं, “मायचा लावून किती झाला?”

“अर्दा. मोठो कोपरो ऱ्हवलो.”

“आणि तरवो?”

“पिवळो पडलो.”

तिने दार लावून घेतलं.

मोठा कोपरा आमच्याच्याने होणारा नव्हता. मायची कंबर धरली होती, काकीला ताप भरला होता आणि तरी ती येत होती. आबांनी हिशेब केला असावा, कारण एका सकाळी ते, पहिल्या दिवसानंतर प्रथमच, मायशी बोलले, “व्हया तेवढा झाला. आता ऱ्हवांदे.” माय म्हणाली, “दिस बुडूक नाय अजून.” आणि वाकली. तेवढ्यात मेरेवरून कुणीतरी लुगडं खोचत खाली उतरलं. सुमनवहिनी. आबांकडे तिने पाहिलंदेखील नाही. वाळीत टाकलेल्या माणसाकडे बघायचं नसतं. ती मायच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि साऱ्या मळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“मी फिलूबायच्या कामाक इलय. माझी सासू रोज तिचो पाव खाता. आमी फुकट खाणव नाय, फेड करतव. हिचा शेत नाय, तर ही लावता थय मी लावतलंय.”

गावाच्या रिवाजात याला उत्तरच नव्हतं. हाताचं देणं हाताने फेडायचं, हा नियम तात्यांच्या नारळापेक्षा जुना होता. दुपारपर्यंत आणखी दोघी आल्या, मग आणखी. कुणाच्या बाळंतपणात मायने रात्र जागवली होती, कुणाच्या पोराला गोवर आला तेव्हा ती बसली होती. प्रत्येकीला एकदम आपापलं देणं आठवलं. आबांशी एकीनेही शब्द काढला नाही. गाण्याची लाट उठली, वाकलेल्या पाठींची रांग मागे मागे सरकत गेली, आणि मी, खांब रोवणारी मी, त्या रांगेत सुमनवहिनीच्या शेजारी होते.

तात्या मेरेवर येऊन उभे राहिले तेव्हा थोडाच कोपरा उरला होता. बायकोकडे बघून म्हणाले, “आयेक च्या कोण करतलो?”

“तुमी करा,” वहिनी म्हणाली. “पाव डब्यात आसा.”

तात्या तसेच परत गेले. चहा त्यांनी केला की नाही, मला ठाऊक नाही, पण चारआठ दिवसांत पप्पांचा करंडा अर्धा रिकामा होऊन यायला लागला आणि पुढे पूर्ण. आबांचं भात झालं, भरघोस नाही, पण वर्षाला पुरेसं.

ही गोष्ट मी इथेच थांबवली तर वाचणाऱ्यांना बरं वाटेल. माझ्या नातवंडांना मी तिथेच थांबवून सांगत असे. पण माझी माय पूर्ण ओळखायची असेल तर पुढचंही सांगायला हवं. वर्ष-दोन वर्षांत कोर्टाबाहेर तडजोड झाली, आबा पुन्हा देवळात बसायला लागले. आमची पाणंद त्यांनी उघडली नाही. मायचे आभार मानले नाहीत. आणि एका उन्हाळ्याच्या शेवटी पलीकडच्या वाडीतल्या एका घराला, मुलाने जातीबाहेरची बायको आणली म्हणून, गावाने वाळीत टाकलं, तेव्हा त्या बैठकीत आबा पुढच्या रांगेत होते.

त्या घराचे नळे परतायचे राहिले होते, म्हणजे छपराची कौलं काढून पुन्हा नीट बसवायचं काम. पाऊस तोंडावर आलेला, अर्धं छप्पर उघडं, शिडीवरून कौलं वर द्यायला माणूस नाही. मायने लुगडं खोचलं. मी आता मोठी झाले होते, मला चल म्हणावं लागलं नाही. आम्ही दाराबाहेर पडतोय तोवर आबा आमच्या दारात. मागे काकी होती.

“फिलोमिना, जावा नको थय. गावाचां ठरलां आसा.”

माझ्या कानशिलातून जाळ निघाला. तोंडावर आलेलं सगळं मी बोलणार होते, मळ्यापासून सँडलपर्यंत. मायने माझा दंड धरला. आबांकडे तिने तसंच पाहिलं जसं मळ्यात पाहिलं होतं, रागाने नाही, मोठेपणाने नाही, उशीर होतोय म्हणून.

“ठरांदे आबानू,” ती म्हणाली. “नळे परतूचे आसत.”

आम्ही निघालो. आबा काही बोलले, ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. फाटकापाशी मी मागे वळून पाहिलं, तर काकी, गुडघ्यांवर हात टेकत, आबांना ओलांडून आमच्या मागून येत होती.